एका भयंकर खेळाविषयी

शाळेच्या वार्षिकात व्हिडिओ गेमविषयी लिहिण्यासाठी शिक्षकाने लेखणी उचलावी, हे पाहून काही पालकांच्या भुवया चढतील, हे आम्ही जाणून आहो. त्यांच्या समाधानासाठी प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. ज्या खेळाविषयी आम्ही लिहिणार आहो, तो अठरा वर्षांखालील मुलांनी खेळावयाचा नाही. युरोपात त्याच्या वेष्टनावर अठराचा आकडा छापलेला असतो व तो योग्यच आहे. त्यात रक्तपात आहे, शिव्या आहेत, अंगावर काटा आणणारी दृश्ये आहेत. तेव्हा आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हा लेख वाचून घरी 'सरांनीच सांगितले आहे' अशी सबब पुढे करू नये.

मग लिहावयाचे कशाला? ज्यांच्यासाठी हा खेळ नाही, त्या मुलांस त्याचे नाव आधीच ठाऊक आहे, आणि ज्यांनी त्यांना त्याविषयी चार शब्द सांगावयाचे, त्या वडीलधाऱ्यांस मात्र ते ठाऊक नाही, म्हणून. आमच्याकडे पैसे लावून चालणारा जुगार, २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने बंदी घातलेला पबजी, आणि एखाद्या चांगल्या कादंबरीच्या तोडीचा खेळ, हे सर्व एकाच माळेचे मणी समजले जातात. एके काळी याच महाराष्ट्रात कादंबरीविषयीही असेच बोलले जाई. कादंबऱ्या वाचून मुले बिघडतात, हे वाक्य आमच्या आजोबांच्या पिढीने पुष्कळदा ऐकले होते. आणि गंमत अशी की, मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिची गणना होते, ती १८५७ सालची 'यमुनापर्यटन' बाबा पदमनजी या ख्रिस्ती गृहस्थांच्या हातची आहे, व ती विधवांची दैना लोकांच्या डोळ्यांपुढे आणण्यासाठी लिहिलेली आहे. साधन नवे दिसले की ते सैतानाचेच असले पाहिजे, असे मानावयास निदान आपणांस तरी जागा नाही.

आमची व या खेळाची गाठ पडली ती अगदी अकल्पित रीतीने. गेल्या नाताळच्या सुटीत आमचा भाचा पुण्याहून केनवडास आला, तो आपले प्लेस्टेशन नावाचे यंत्र बरोबर घेऊनच. वय वर्षे चोवीस, नोकरी संगणकाची. रात्री जेवणे आटोपली की तो ते यंत्र टीव्हीस जोडी व खेळत बसे. पहिल्या रात्री आम्ही वर्तमानपत्राआडून पाहिले. दुसऱ्या रात्री खुर्ची थोडी पुढे ओढली. तिसऱ्या रात्री तो म्हणाला, "मामा, नुसते पाहून हा कळायचा नाही. हे घ्या हातात." आणि त्याने कंट्रोलर आमच्या हाती देऊन खेळ पहिल्यापासून सुरू केला. चाळिशी उलटलेल्या माणसाची बोटे त्या बटनांवर किती अडखळतात, हे आमच्या कुटुंबाने त्या रात्री हसून हसून पाहिले. पुढे मात्र तेही हसेनासे झाले. पंचवीस-तीस तासांचा तो खेळ आम्ही नऊ रात्रींत संपविला. मध्येच वीज जाई, तेव्हा अंधारात बसून भाच्याकडून पहिल्या भागाची हकीकत ऐकत असू.

खेळाचे नाव 'द लास्ट ऑफ अस, भाग दुसरा'. अमेरिकेतील 'नॉटी डॉग' या मंडळीने तो तयार केला व १९ जून २०२० रोजी तो प्रसिद्ध झाला. नील ड्रकमन हे त्याचे दिग्दर्शक, आणि कथालेखनात हॅली ग्रॉस या बाईंचा हात आहे. पहिला भाग २०१३ सालचा. तो ठाऊक असल्यावाचून दुसऱ्याचे मर्म कळत नाही, म्हणून त्याची गोष्ट आधी सांगतो.

एका बुरशीची साथ जगभर पसरते व माणसांच्या मेंदूत शिरून त्यांस हिंस्र पशू करून सोडते. ही कल्पना अगदीच हवेतली नव्हे. कॉर्डिसेप्सच्या कुळातील एक बुरशी मुंगीच्या शरीरात शिरते, तिला झाडावर चढावयास लावते, पानाच्या शिरेस चावा घेऊन तेथेच मरावयास लावते, आणि मग तिच्या डोक्यातून बाहेर उगवते, हे जीवशास्त्राच्या अभ्यासकांनी पाहून ठेवले आहे. खेळात मुंगीच्या जागी माणूस घातला, एवढेच. जोएल नावाच्या एका माणसाची लहान मुलगी साथीच्या पहिल्याच रात्री सैनिकाच्या गोळीने मरते. वीस वर्षांनंतर एली नावाची चौदा वर्षांची एक मुलगी त्याच्या हवाली केली जाते. बाधा झालेल्या प्राण्याचा चावा बसूनही या मुलीस ती बुरशी बाधलेली नाही. तिला एका बंडखोर संघटनेच्या डॉक्टरांकडे पोचवावयाचे, म्हणजे लस तयार होईल, अशी आशा. त्या लांबच्या वाटेत दोघांत बापलेकीचे नाते जडते. शेवटी सॉल्ट लेक सिटीच्या इस्पितळात कळते की, लस काढावयाची तर मुलीचा मेंदू काढावा लागेल, म्हणजे ती जगणार नाही. तेव्हा जोएल शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरास ठार करतो, आणखी अनेकांस मारतो, बेशुद्ध मुलीस उचलून नेतो, आणि ती शुद्धीवर आल्यावर तिच्याशी खोटे बोलतो. पहिला भाग त्या खोट्यावर संपतो.

आमच्या भाच्यास जोएल हा वीर वाटत होता. आम्हांस मात्र टेबलाशी उभा असलेला तो डॉक्टर सोडवेना. आमच्या जिल्ह्यात डॉक्टर म्हटले की जुन्या माणसांस नाझरीन मिशनने वाशीम येथे चालविलेले रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आठवते. शस्त्रक्रियेच्या खोलीतील डॉक्टर मारला जातो, आणि गोष्ट त्याचे प्रेत ओलांडून पुढे जाते, हे आमच्या मनास पटेना. तसे आम्ही बोलूनही दाखविले. भाचा म्हणाला, "थांबा, मामा. दुसरा भाग त्याच्याचवर आहे."

आणि खरोखरच तसे होते. त्या डॉक्टरास ॲबी नावाची एक मुलगी होती. चार वर्षे ती बापाच्या मारेकऱ्याचा शोध घेते. तो सापडतो तेव्हा योगायोग असा की, तोच आपल्या भावासह तिला मरणाच्या दाढेतून सोडवितो. तरी ती त्याला गोल्फच्या काठीने हाल हाल करून मारते, आणि एलीस ते डोळ्यांनी पाहावे लागते. येथून एलीचा सूड सुरू होतो. ती सिॲटल शहरी जाते. खेळणाऱ्याने एली व्हावयाचे व ॲबीस शोधून काढावयाचे.

भयकथा म्हणून हा खेळ पहिल्या प्रतीचा आहे, यात शंका नाही. बुरशीने डोळे खाऊन टाकलेले, टकटक असा आवाज करीत त्याच्या प्रतिध्वनीवरून सावज हुडकणारे ते 'क्लिकर' ज्या खोलीत फिरत असतात, त्या खोलीतून पाय न वाजविता जाताना आमच्या तळहातांस घाम सुटे, हे कबूल करावयास आम्हांस लाज वाटत नाही. परंतु भिवविणे ही काही फार अवघड कला नव्हे. आमच्या लहानपणी माजघरातील म्हाताऱ्याही ते काम फुकट करीत. आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळे आहे.

या खेळात जगण्याची साधने फार थोडी. ओसाड घरांचे खण व कपाटे धुंडाळावयाची, तेव्हा कोठे एखादी चिंधी, कोठे स्पिरिटची अर्धी बाटली, कोठे एखादे कात्रीचे पाते हाती लागावयाचे. चिंधी व स्पिरिट मिळून जखमेवरची मलमपट्टी करता येते. त्याच चिंधीची व त्याच स्पिरिटची पेटती बाटलीही करता येते, जी शत्रूवर फेकली असता तो जळून मरतो. दोन्ही एकदम होत नाहीत, कारण चिंधी एकच असते. याविषयी कोणतेही पात्र एक अक्षर बोलत नाही. बटन दाबावयाचे आणि पुढे जावयाचे. पहिल्या चार रात्रींत आम्ही जवळजवळ दर वेळी बाटलीच केली. राग आलेला असे, आणि पट्टीची गरज तेव्हा दिसत नसे. मग जखमी होऊन एखाद्या भिंतीआड बसावयाचे व रिकामे खण पुन्हा पुन्हा उघडून पाहावयाचे, अशी आमची अवस्था होई.

दुसरी एक गोष्ट नावांची. सामान्यतः अशा खेळांत शत्रू म्हणजे पेंढा भरलेली बुजगावणी. त्यांस नाव नाही, गाव नाही, पडले की दिसेनासे होतात. येथे एक पहारेकरी पडला की दुसरा त्याला नावाने हाक मारतो, आणि उत्तर आले नाही म्हणजे त्याचा आवाज फुटतो. त्यांच्या कुत्र्यांसही नावे आहेत. आपण कुत्र्यास मारले की त्याचा धनी त्याला हाक मारीत धावत येतो. पहिल्यांदा हे झाले तेव्हा आम्ही कंट्रोलर खाली ठेवला, व "हे रे काय?" असे भाच्यास विचारले. तो काही बोलला नाही.

येथे आम्हांस आमच्या घरची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ती सांगितल्यावाचून या खेळाने आम्हांस का धरून ठेवले, ते कोणास कळणार नाही. वऱ्हाडात धुऱ्याचे भांडण म्हणजे काय, हे येथील वाचकांस समजावून सांगावयास नको. शेजारच्याने नांगरताना दोन तास अलीकडे घेतले, धुरा कोरला, असे आमच्या वडिलांचे म्हणणे. धुरा मुळातच आमच्या बाजूने सरकलेला होता, असे त्यांचे. जमीन फार तर दीड हात रुंदीची. चौदा वर्षे हे भांडण चालले आहे. या चौदा वर्षांत आमच्या घरी त्या माणसांचे नाव कोणी घेत नाही. 'ते', 'पलीकडचे', एवढ्यावर भागते. आमचे वडील २०१९ च्या पावसाळ्यात आजारी पडले. रात्रीची वेळ, वाहन मिळेना. ते कानी पडताच पलीकडच्यांनी आपली जीप आमच्या अंगणापाशी आणून उभी केली. आम्ही ती परत पाठविली. रिसोडहून दुसरी गाडी यावयास पाऊण तास लागला. त्या पाऊण तासाने फरक पडला असता, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. पडला नसता, असेही म्हणाले नाहीत.

आता खेळाकडे वळू. साधारण निम्मा खेळ झाला असता तो आपल्याशी एक विलक्षण वर्तन करतो. एली व ॲबी समोरासमोर येतात, आणि नेमक्या त्या क्षणी गोष्ट तीन दिवस मागे जाते, आणि खेळणाऱ्याच्या हाती ॲबी दिली जाते. जिला मारावयास आपण निघालो, तीच आता आपण. तिचा बिछाना, तिच्या मित्रांच्या थट्टा, तिला उंचीची वाटणारी भीती, रात्री स्वप्नात पुन्हा पुन्हा दिसणारा इस्पितळातील तो दरवाजा, हे सर्व आपलेच. आमच्या भाच्याने सांगितले की, अनेक खेळणारे येथे रागावले, आणि कित्येकांनी तर खेळ सोडून दिला. आम्हीही रागावलो. तासभर ॲबीस मुद्दामच वाईट खेळविले, ती पडली तरी वाईट वाटून घेतले नाही.

परंतु पुढे एक प्रसंग आला. एलीच्या रूपाने आम्ही ज्या मत्स्यालयात शिरून अंगावर धावलेली एक कुत्री मारली होती, तेथेच आता ॲबीच्या रूपाने, तो प्रसंग घडण्यापूर्वी, आम्ही जाऊन पोचलो. ती कुत्री जिवंत होती. तिचे नाव ॲलिस. तिच्यापुढे चेंडू फेकावयाचा, ती शेपूट हालवीत तो परत आणते, पुन्हा फेकावयाचा. आमच्या कुटुंबाने मागून विचारले, "अहो, हीच ना ती?" आम्ही हो म्हटले. त्यावर ते उठून आत गेले.

कादंबरी वाचताना आपण पात्राच्या मनात शिरतो, हे खरे. पण वाचणाऱ्याचे फक्त डोळे चालत असतात, हात स्वच्छ राहतो. येथे मारावयाचे तेही आपल्याच अंगठ्याने, आणि चेंडू फेकावयाचा तोही त्याच अंगठ्याने. शत्रूची कैफियत आम्ही जन्मभर ऐकत व मुलांस शिकवीत आलो आहो. शत्रूचे हात आपल्या हातांत घालून तीन दिवस जगावयास आम्हांस दुसऱ्या कोणत्याही साहित्यप्रकाराने लावलेले नाही. या खेळाचे मोठेपण आम्ही मानतो ते येथे.

याच मुद्द्यावर जाणत्या टीकाकारांचा एक आक्षेप आहे व तो सहज उडवून लावता येण्याजोगा नाही. खेळ तुम्हांस निवड देत नाही, पाप करावयास लावतो, आणि मग तुम्हांसच दोष देतो, असे ते म्हणतात. नोरा नावाच्या एका बाईकडून ॲबीचा ठावठिकाणा काढण्यासाठी एली तिला मारहाण करते, तेथे प्रत्येक घाव आपणच बटन दाबून घालावयाचा असतो. आम्ही काही वेळ तसेच बसून राहिलो. पडदाही थांबून राहिला. भाचा हळूच म्हणाला, "मामा, दाबल्याशिवाय पुढे जात नाही." तेव्हा आम्ही दाबले. हे बळजबरीचे आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु रागाच्या भरात मनुष्य जे करतो, त्यातील किती त्याला निवड वाटत असते? जीप परत पाठविताना आम्हांस दुसरा मार्ग असल्याचे एकदाही सुचले नव्हते.

दुसरा दोष आमच्या मते याहून खरा आहे. खेळाच्या अखेरच्या भागात गुलामांचा व्यापार करणारी एक टोळी येते. ही माणसे इतकी नीच रंगविली आहेत की त्यांस मारताना मनास काहीच लागत नाही. वीस तास शत्रूची नावे ऐकवून मन हळवे केल्यावर पुन्हा बुजगावणी उभी करणे, ही लेखकांची चूक झाली. खेळ चार-पाच तासांनी आखूड असता तरी बिघडले नसते.

धर्माविषयीही दोन शब्द लिहितो. सिॲटलमध्ये 'सेराफाइट्स' नावाचा एक पंथ दाखविला आहे. हे नाव सराफीमांवरून घेतलेले आहे, हे आमच्या मंडळींस लगेच कळेल. एका मृत संदेष्ट्रीचे हे अनुयायी भजने गातात, शेती करतात, आणि पकडलेल्या शत्रूंस फासावर चढवून त्यांची पोटे फाडतात. प्रथम आम्हांस वाटले, झाले, धर्म म्हटला की लेखकांस असलेच काही सुचावयाचे. पण या पंथातच लेव्ह नावाचे एक पोर आहे. जन्मापासून मुलगी गणलेले, पण स्वतः मुलगा म्हणून राहू इच्छिणारे ते पोर पंथातील एका वडिलाची पत्नी होण्याचे नाकारून डोके भादरते, आणि म्हणून त्याच्या जिवावर सारे उठतात. नवल असे की, त्याची श्रद्धा सुटत नाही. संदेष्ट्रीने असे शिकविलेच नव्हते, वडिलांनी तिचे बोलणे फिरविले, असे ते म्हणते. मंडळीच्या सभांतून अनेक वर्षे बसलेल्या आम्हांस ही तक्रार अगदीच परकी वाटली नाही.

पुढे हेच पोर ॲबीचा हात धरते. नाट्यगृहातील झटापटीत एलीची सखी दीना गरोदर आहे हे कळूनही ॲबी तिच्या गळ्यावर सुरी धरते. लेव्ह तेव्हा उपदेश करीत नाही. फक्त तिला नावाने हाक मारतो. ती सुरी टाकते.

मग काही काळ शांतता येते. एली, दीना व तिचे तान्हे मूल एका शेतघरी राहतात. मेंढ्या आहेत, कुरण आहे, संध्याकाळचे पिवळे ऊन आहे. पण गोठ्यात एक फावडे पडले तरी एलीस जोएलच्या डोक्यावर पडणारे घाव ऐकू येतात. शेवटी ती दीनेचे विनवणे न ऐकता पुन्हा सुडास निघते. समुद्रकिनारी खांबास बांधलेली, वाळून काठी झालेली ॲबी तिला सापडते. एली स्वतःच तिला सोडविते, आणि मग राहवत नाही म्हणून पाण्यात तिच्याशी झुंजते. ॲबी चावा घेऊन तिच्या डाव्या हाताची दोन बोटे तोडते. एली तिचे डोके पाण्याखाली दाबून धरते. आणि एकाएकी हात सोडते.

ही क्षमा होय काय? भाचा म्हणाला, होय. आम्ही म्हणतो, नव्हे, निदान अजून नव्हे. आमच्या केनवडास सप्ताहात भागवत ऐकताना एक प्रसंग आम्ही लहानपणापासून ऐकलेला आहे. द्रौपदीची पाचही मुले झोपेत मारणाऱ्या अश्वत्थाम्यास अर्जुन बांधून तिच्यापुढे आणतो. भीम म्हणतो, मारा. द्रौपदी म्हणते, सोडा, मी रडते आहे तशी याच्या आईने रडू नये. तिला शत्रूची आई दिसली. तीच क्षमा. आणि आमच्या स्वतःच्या हयातीत, जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांची फिलिप आणि टिमथी ही दोन लहान मुले मोटारीत झोपली असता जाळली गेली, तेव्हा ग्लॅडिस स्टेन्स बाईंनी मारेकऱ्यांस क्षमा केल्याचे जाहीर केले, आणि त्या बारीपद्यास कुष्ठरोग्यांची सेवा करीत राहिल्या. २००५ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली. या दोन्ही स्त्रियांपुढे आम्ही मान खाली घालतो. परंतु खरे सांगावयाचे तर त्यांच्याजवळ जाण्याची आमची छाती होत नाही. इतकी वर्षे त्यांच्या गोष्टी आम्ही वर्गात सांगितल्या, आणि संध्याकाळी धुऱ्यावरून येताना पलीकडे न पाहता घरी आलो. एली त्यांच्या पंक्तीस बसावयाच्या योग्यतेची नाही. तिने सर्व घालविले, उशीर केला, आणि शेवटी फक्त हात उघडला. कदाचित म्हणूनच ती आम्हांस जवळची वाटली.

शेतघरी ती परत येते तेव्हा ते रिकामे असते. जोएलने तिला गिटार वाजविण्यास शिकविले होते. ती ते वाद्य मांडीवर घेते, पण दोन बोटांवाचून सूर लागत नाहीत. तेव्हा आपणांस एक मागील प्रसंग दाखवितात. जोएलच्या मरणाची आदली रात्र, घराचा ओटा. त्याने सांगितलेले ते खोटे तिला केव्हाच कळलेले आहे. तुम्हांला मी कधी क्षमा करू शकेन असे वाटत नाही, तरी प्रयत्न करून पाहावासा वाटतो, अशा अर्थाचे ती बोलते. तो म्हणतो, मला ते आवडेल. दुसरे दिवशी तो मारला जातो. गुस्तावो सांताओलाया यांचे त्या वेळचे संगीत अगदी थोड्या तारांचे आहे. आमच्या घरी तेव्हा कोणी बोलत नव्हते.

या खेळाच्या पहिल्या तीन दिवसांत चाळीस लाखांवर प्रती खपल्या, डिसेंबर २०२० मध्ये 'द गेम अवॉर्ड्स'च्या समारंभात त्या वर्षाचा सर्वोत्तम खेळ म्हणून त्याचा गौरव झाला, आणि अंधांसही तो शेवटपर्यंत खेळता यावा अशा साठांवर सोयी त्यात केलेल्या आहेत. ही शेवटची गोष्ट आम्हांस बक्षिसापेक्षा मोठी वाटते. पण या खेळाने माणसे सुधारतात, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ॲबीस आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीस त्या पात्राचा राग धरून कित्येकांनी ठार मारण्याच्या धमक्या पाठविल्या. सुडावरची गोष्ट हाताळून माणसे सुडासच प्रवृत्त झाली. औषध पोटात गेले म्हणजे लागू पडलेच, असे नाही.

मराठीत असे काही होईल काय? पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' या मंडळीने त्याच २०२० साली 'राजी' नावाचा आपल्या पुराणकथांवरचा सुरेख खेळ काढला, तेव्हा हात आहेत, विद्या आहे. कोणी धुऱ्याच्या भांडणाचा खेळ करील, निम्मा अलीकडून व निम्मा पलीकडून, तर वऱ्हाडात तो घरोघर कळेल. त्यात बुरशी घालण्याची आवश्यकता पडणार नाही.

भाचा नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन पुण्यास गेला. शाळा उघडली. पलीकडच्यांचा नातू आमच्याच वर्गात आहे. केनवडहून ज्या एस.टी.ने आम्ही येतो तिनेच तो येतो, तो मागच्या बाकावर व आम्ही पुढच्या. हजेरी घेताना इतर मुलांस आम्ही नावाने हाक मारीत असू, त्याला तेवढे आडनावाने. हे आम्ही ठरवून करीत नव्हतो. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी नावाने मारली. त्याने वर पाहिले, "हजर, सर" म्हटले, व पुन्हा वहीत डोके घातले. त्याची वही तपासावयास घेतली, तेव्हा त्याचे अक्षर चांगले आहे, हे सात महिन्यांत प्रथमच आमच्या ध्यानात आले. धुऱ्याची मोजणी अद्याप व्हावयाची आहे.